दुखत नाही म्हणून

स्तनाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी करून घेण्यास आपल्याकडील स्त्रिया पुढे का येत नाहीत, या प्रश्नाला सरकारी दप्तरात आणि वैद्यकीय सभांतून एकच ठरीव उत्तर मिळते, ते म्हणजे अज्ञान. हे उत्तर मोठे सोयीचे आहे. कारण ते एकदा मान्य केले की भिंतीवर फलक लावून, पत्रके वाटून आणि ऑक्टोबर महिन्यात गुलाबी फिती मिरवून आपले कर्तव्य पार पडले, असे समजण्यास कोणाची हरकत राहत नाही. ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी, अशी तजवीज केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली केली. परंतु २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयोगटातील ज्या स्त्रियांनी अशी तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घेतली होती, त्यांचे देशातील प्रमाण शेकडा एकही भरले नाही. यातील बराच दोष यंत्रणेचा आहे, हे उघड आहे. तथापि जेथे तपासणी खरोखरच दाराशी आली, तेथेही पाऊल अडते, ते का?

अशा एखाद्या शिबिराच्या दिवशी उपकेंद्राच्या ओसरीवर बसून पाहावे. वहीत नाव लिहिले जाते, वजन होते, रक्तदाबाचा पट्टा दंडाला गुंडाळला जातो, बोटाला सुई टोचून साखर पाहतात, तोंडात बॅटरीचा उजेड पाडून तंबाखूच्या खुणा शोधतात, आणि येथवर बायका हसतबोलत, रांग न मोडता पुढे सरकत असतात; मात्र खिडकीला जुनी साडी बांधून आडोसा केलेल्या खोलीच्या दाराशी ती रांग येऊन पोहोचली, की कोणाला चुलीवर ठेवलेले दूध आठवते, कोणाला एस.टी.ची वेळ, आणि जिला काहीच आठवत नाही ती ‘मला बाई काही होत नाही’ एवढे बोलून पदर सावरते. ‘अहो काकू, दोन मिनिटांचं तर काम आहे,’ असे आशाताई परोपरीने विनवते, तरी पाय उंबऱ्याबाहेरच राहतो. साखरेसाठी बोट निमूटपणे पुढे करणाऱ्या या बाईला अज्ञानी ठरवणे हा तिच्यावर अन्याय आहे.

रोग आला म्हणजे तो दुखणार, हातातले काम सोडायला लावणार, आणि मगच दवाखान्याची पायरी चढावयाची, ही तिची धारणा तिने अनुभवातूनच बांधलेली असते. काही दुखत नसताना डॉक्टरकडे जाणे हे घरातील इतरांच्या लेखी चोचले ठरतात, हेही तिला पक्के ठाऊक असते. दुर्दैव असे, की या रोगाची गाठ आरंभी बहुधा दुखतच नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगासाठी छातीच्या क्ष-किरण तपासणीच्या गाड्या वस्तीवस्तीत फिरत असूनही लोक का येत नाहीत, याचा शोध तेथील सार्वजनिक आरोग्य सेवेतील मानसशास्त्रज्ञ गॉडफ्री हॉचबॉम यांनी घेतला, आणि १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले, की आपल्यालाही हा रोग होऊ शकतो आणि लक्षणांपूर्वीच तो सापडण्यात हित आहे, या दोन्ही गोष्टी ज्यांना पटल्या होत्या त्यांच्यापैकी ८२ टक्के लोकांनी स्वेच्छेने तपासणी करून घेतली होती, तर ज्यांना दोहोंपैकी एकही पटली नव्हती त्यांच्यात हे प्रमाण अवघे २१ टक्के होते. रोगाचे नाव ठाऊक असणे आणि तो आपल्याही वाट्याला येऊ शकतो हे मनाने स्वीकारणे, यांत एवढे अंतर असते.

आणि मग भीती. भय दाखवले की माणूस सावध होतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. भयासोबत सुटकेचा मार्ग दिसला नाही, तर माणूस ते भय दाखवणाऱ्याकडेच पाठ फिरवतो. शिवाय आपण ज्याला मृत्यूचे भय म्हणतो, ते पुष्कळदा संसार विस्कटण्याचे भय असते. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेरील पदपथावर मुक्काम ठोकणाऱ्या नातेवाइकांची कहाणी गावोगाव पोचलेली आहे. आपण तेथे जाऊन पडलो तर चूल कोण पेटवील, जमीन गहाण पडेल काय, स्तन काढावा लागला तर नवरा काय म्हणेल, आणि बातमी फुटल्यास मुलीच्या सोयरिकीत खोडा तर येणार नाही ना, असा सारा हिशेब त्या उंबऱ्यावर क्षणार्धात मांडला जातो. निदान होत नाही तोवर रोग नाही, हा त्या हिशेबाचा निष्कर्ष वैद्यकाच्या दृष्टीने घातक असला तरी तर्कदृष्ट्या वेडगळ नाही.

लज्जेविषयी फार लिहावयास नको, कारण ते पूर्वीच सांगून झाले आहे. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथील भाषणात, स्त्री वैद्यांची या देशाला किती निकड आहे, हे निःसंदिग्ध सांगितले होते. पुष्कळदा पुरुष वक्तेच या विषयावर तासभर बोलतात आणि सभागृहातील स्त्रिया तासभर जमिनीकडे पाहत बसतात, हे पाहिले म्हणजे त्या भाषणाची आठवण होते. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत केलेल्या प्रयोगाने याच मताला पुष्टी दिली आहे. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा त्यात समावेश होता, आणि त्यांपैकी निम्म्यांची दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी केली ती प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटात रोग अधिक लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत त्यामुळे होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र असा लाभ आढळला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

म्हणून आडोशाआड नेण्यापूर्वीच त्या स्त्रीला कळले पाहिजे, की हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, की वेळीच सापडल्यास अनेकदा स्तन वाचवूनही शस्त्रक्रिया होऊ शकते. आणि शंका आलीच तर चिठ्ठी कोणत्या रुग्णालयाची मिळेल, तेथे भेटावयाचे कोणाला, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्डाबरोबर कोणते कागद न्यावयाचे आणि सोबत कोण येणार, याचाही खुलासा तेव्हाच व्हावयास हवा. या बोलण्याला यंत्र लागत नाही, वेळ लागतो. ज्या परिचारिकेला दिवसभराची नोंदवही एकटीने भरून संध्याकाळपर्यंत आकडे वर पाठवावयाचे असतात, तिला तो वेळ कोणत्या परिपत्रकाने दिला आहे, हे आरोग्य खात्याने एकदा जाहीर करावे.