सर्टिफिकेट मिळेल, आयडिया बंद कोण करणार?

लिंक्डइनवर हल्ली नावाखाली एक नवी ओळ दिसते, ‘सर्टिफाइड इनोव्हेशन लीडर’. जुईनगरच्या पोरांना तिचं आकर्षण वाटणं साहजिक आहे. स्टेशनजवळच शिरवणे एमआयडीसी आणि ठाणे लाइन धरली की घणसोली, ऐरोलीचे आयटी पार्क. इथे नोकरी हवी तर सीव्हीत काहीतरी वेगळं हवंच ना? पण फी भरण्याआधी हे सर्टिफिकेट नक्की कशाचं, हे बघायला हवं.

सप्टेंबर 2024 मध्ये ‘आयएसओ 56001’ हे मानक आलं. संस्थेत नव्या कल्पनांचं व्यवस्थापन कसं असावं, त्याच्या अटी यात आहेत. आधीचं 2019 चं 56002 फक्त मार्गदर्शक होतं. 56001 वर मात्र ऑडिट होऊन प्रमाणपत्र मिळू शकतं. गंमत अशी, की हे प्रमाणपत्र संस्थेला मिळतं, माणसाला नाही. आणि आयएसओ स्वतः ते कुणालाच देत नाही; ते काम बाहेरच्या प्रमाणन संस्था करतात. त्यामुळे जाहिरातीत आयएसओचं नाव दिसलं म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. व्यक्तींसाठीचे कोर्स वेगळे. ग्लोबल इनोव्हेशन मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटसारख्या संस्था लेव्हलनुसार सर्टिफिकेट देतात. पाच-सात वर्षं नोकरी केलेल्याला त्यातून आपल्या कामाची नीट भाषा मिळते. टीवायच्या विद्यार्थ्याकडे मुळात ते कामच नसतं.

मग हे कौशल्य असतं तरी काय? डॉ. रघुनाथ माशेलकर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक असताना त्यांनी ‘काइट फ्लाइंग फंड’ सुरू केला होता. जी कल्पना यशस्वी व्हायची शक्यता हजारात एकही नाही, पण जमली तर सगळं बदलेल, तिच्यासाठी राखून ठेवलेला पैसा. सरकारी प्रयोगशाळेत, जिथे प्रत्येक रुपयाचा हिशोब द्यावा लागतो, तिथे! टाटा समूहाच्या ‘इनोव्हिस्टा’ स्पर्धेतही ‘डेअर टू ट्राय’ हा विभाग आहे. फसलेल्या पण धाडसी प्रयत्नांसाठी. दोन्हीकडे लीडरने स्वतः आयडिया दिली असं नाही. दुसऱ्याच्या आयडियाला पैसे आणि वेळ मिळवून दिला, आणि फसल्यावर त्या माणसाचं करिअर बरबाद होणार नाही याची सोय केली.

याची दुसरी बाजू कुणाला फारशी आवडत नाही. चालत नसलेला प्रोजेक्ट वेळीच बंद करणं, आणि तेही टीमच्या तोंडावर सांगून. बहुपर्यायी परीक्षेत हे तपासणार कसं? माझ्या मते नाहीच तपासता येत. म्हणूनच मुलाखतीत ‘तुम्ही काय बंद केलंत?’ हा प्रश्न सर्टिफिकेटपेक्षा जास्त सांगून जाईल.

सरावाची जागा मात्र फुकटात आहे. शिक्षण मंत्रालयाच्या इनोव्हेशन सेलने 2018 पासून कॉलेजांमध्ये ‘इन्स्टिट्यूशन्स इनोव्हेशन कौन्सिल’ सुरू केल्या. त्यात प्राध्यापकांबरोबर विद्यार्थ्यांकडेही जबाबदाऱ्या असतात. बऱ्याचदा हे सगळं बॅनर, फोटो आणि पाहुण्यांच्या भाषणावर आटोपतं, हेही खरं. तरी तुमच्या कॉलेजात कौन्सिल आहे का, ते विचारा. असेल तर गेल्या वर्षी किती कल्पना आल्या, किती प्रोटोटाइपपर्यंत गेल्या आणि बाकीच्या का थांबल्या, हा हिशोब मागा. कुणी ठेवलेलाच नसेल, तर तो ठेवायचं काम तुम्ही घ्या.