शाळेच्या पुस्तकांचं कपाट उघडं ठेवा

आपल्या गावच्या प्राथमिक शाळेत पुस्तकं आहेत. ती किती आहेत, कुठे ठेवली आहेत आणि मुलांच्या हातात शेवटची कधी पडली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येईल. शिक्षक, पालक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, तिघांनाही माझी एकच विनंती आहे. या आठवड्यात ते कपाट उघडा, आणि दर आठवड्याला प्रत्येक मुलाच्या दप्तरात एक पुस्तक घरी जाईल अशी व्यवस्था करा. शाळेच्या ग्रंथालयाबद्दल मला जे काही सांगायचं आहे, ते सगळं या एका मागणीभोवतीच आहे.

ही मागणी कुणाच्या मेहरबानीची नाही. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, तिथे वर्तमानपत्र, मासिकं आणि सर्व विषयांची पुस्तकं असावीत, असं त्याच्या अनुसूचीत म्हटलं आहे आणि गोष्टींच्या पुस्तकांचा तर वेगळा उल्लेख आहे. समग्र शिक्षा योजनेतही ग्रंथालयासाठी वेगळं वार्षिक अनुदान ठरलेलं आहे. प्राथमिक शाळेसाठी ते ५ हजार रुपयांपर्यंत आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांनी बैठकीत विचारावं : या वर्षी किती रक्कम आली, कोणती पुस्तकं घेतली, ती कोणी निवडली? प्रश्न तक्रारीच्या सुरात विचारायची गरज नाही. पण विचारला गेला पाहिजे.

आता कपाटाला कुलूप का असतं ते बघू. त्यामागे आळस असतो असं मी मानत नाही. बहुतेक ठिकाणी त्यामागे भीती असते. पुस्तकांची नोंद दाखल रजिस्टरमध्ये असते. गुरुजींची किंवा बाईंची बदली झाली की चार्ज देताना प्रत्येक पुस्तक मोजून द्यावं लागतं. एखादं कमी भरलं तर ते आपल्या नावावर येईल ही धास्ती खरी आहे. मग सगळ्यात सुरक्षित पुस्तक म्हणजे कुणी हात न लावलेलं पुस्तक, असा हिशेब आपोआप होतो. या भीतीवर उपाय काढला नाही तर वाचनाचे कितीही उपक्रम जाहीर करा, ते कागदावरच राहतील.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी एक शहाणी तरतूद आहे. वर्षभरात दिल्या-घेतल्या गेलेल्या दर १ हजार पुस्तकांमागे ५ पुस्तकं गहाळ झाली आणि त्यात कुणाचा अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसला, तर ती घट वाजवी धरावी, असं तो नियम म्हणतो. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेला तो आपोआप लागू होत नाही. पण त्यामागचा विचार आपल्यालाही घेता येतो. वापरलेली पुस्तकं फाटतात, थोडी हरवतात, आणि सरकारी हिशेबालाही ते समजतं. समितीने दर वर्षी एप्रिलमध्ये फाटलेल्या आणि हरवलेल्या पुस्तकांची यादी करावी, त्यावर ठराव घ्यावा आणि तो केंद्रप्रमुखांकडे पाठवावा. शिक्षकाच्या पाठीशी गाव उभं आहे हे त्या ठरावात लिहिलेलं असू द्या. पालकांनीही एक शब्द द्यावा : पुस्तक हरवलं तर मुलाला मारणार नाही, आणि त्या भीतीने पुस्तक घरी आणू नकोस असंही सांगणार नाही.

कपाट उघडल्यावर पहिलं काम छाटणीचं. स्पर्धा परीक्षांची जुनी मार्गदर्शकं, शासकीय अहवाल, मोठ्यांसाठीचे जाड चरित्रग्रंथ, हे सगळं बाजूला काढा. सहा-सात वर्षांच्या मुलाला हवी असतात मोठ्या चित्रांची, थोड्या शब्दांची, हातात मावणारी पुस्तकं. मग उरलेल्यांचे सोपेपणानुसार चार गट करा आणि पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावर प्रत्येक गटाची वेगळ्या रंगाची टिकली लावा. मात्र रंग इयत्तेला बांधू नका. चौथीतल्या ज्या मुलाला अजून अडखळत वाचावं लागतं, त्याने पहिल्या रंगाचं पुस्तक बिनसंकोच उचललं पाहिजे. पुस्तकं ठेवायला फर्निचर नसलं तरी अडत नाही. खिडकीच्या गजांना मुलांच्या खांद्याच्या उंचीवर सुतळी बांधा आणि मुखपृष्ठ दिसेल अशी पुस्तकं त्यावर अडकवा. लहान मूल मुखपृष्ठ बघून पुस्तक निवडतं. नुसता कणा दिसणारी पुस्तकांची ओळ त्याला काहीच सांगत नाही.

पुस्तकं कमी असतील तर वाट बघत बसू नका. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका स्वस्त आहे. ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे यांची चित्रमय पुस्तकं लहानांना घरच्यासारखी वाटतात, कारण त्यांतलं घर, आजी-आजोबा, भांडणं आपलीच असतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी वाचनपातळीनुसार मिळतात; त्या छापून वापरायला परवानगी मागावी लागत नाही. आणि गावात सार्वजनिक वाचनालय असेल तर तिथल्या बालविभागाकडे बघा. १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी अशी वाचनालयं महाराष्ट्रभर आहेत. तिथली पुस्तकं एका पेटीत घालून महिनाभर शाळेत आणणं आणि मग पेटी बदलणं, यासाठी लागते फक्त एक सायकल आणि दोन माणसांची ओळख.

आठवड्याचं वेळापत्रक आता सांगतो. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक तास ग्रंथालयाचा हवा, आणि तो कुठल्याही कारणाने रद्द होता कामा नये. गणित मागे पडलं म्हणून, साहेब येणार म्हणून, नाटकाची तालीम आहे म्हणून, सर्वांत आधी बळी याच तासाचा जातो. मुलांना एकदा कळलं की हा तास जाऊ शकतो, की त्यांच्या मनातून तो गेलाच. आपल्या कितीतरी शाळा द्विशिक्षकी आहेत, हे मला माहीत आहे. तिथे पहिली-दुसरी एकत्र बसवा, तिसरी-चौथी एकत्र. देवघेवीची वही चौथीच्या दोन मुलांकडे सोपवा आणि दर आठवड्याला ती दोन मुलं बदला. नाव, पुस्तकाचा क्रमांक, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख : चार रकाने, बस्स. मुलं हे काम मोठ्या निगुतीने करतात आणि शिक्षकाचा हात मोकळा राहतो.

त्या तासातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे मोठ्याने वाचून दाखवणं. हे काम सोपं समजलं जातं, म्हणून ते नीट होत नाही. पुस्तक आदल्या दिवशी स्वतः वाचून ठेवा. कुठे थांबायचं, कोणत्या पात्राला कसा आवाज द्यायचा, हे ठरवा. मुलांना जवळ, जमिनीवर, अर्धवर्तुळात बसवा आणि पुस्तक चित्र सगळ्यांना दिसेल असं धरा. आधी मुखपृष्ठ दाखवून विचारा, यात काय होत असेल? येणारी उत्तरं चूक-बरोबर ठरवू नका. मग सावकाश वाचा. पान उलटण्याआधी एखाद्याच ठिकाणी थांबा आणि पुढचा अंदाज विचारा. दर दोन ओळींनी प्रश्न विचारले तर गोष्ट मरते. अवघड शब्द आला तर चित्राकडे बोट दाखवून, हातवारे करून पुढे सरका. तिथे शब्दार्थाचा धडा सुरू करू नका. गोष्ट संपली की क्षणभर गप्प बसा. मुलंच बोलू लागतात. आणि ‘परत वाचा’ असं म्हणाली तर परत वाचा, पुढच्या आठवड्यातही वाचा. तीच गोष्ट तिसऱ्यांदा ऐकताना मूल शब्दांच्या आधी ओठ हलवू लागतं, आणि पुढे तेच पुस्तक हातात घेऊन स्वतः वाचायला बसतं. वाचता येण्याचा हा रस्ता अक्षरओळखीच्या तक्त्याइतकाच खरा आहे.

शालेय शिक्षणाची स्थिती मांडणाऱ्या ‘असर’ अहवालात, २०२४ मध्ये, ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जेमतेम निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. हे वाचून कुणी म्हणेल, मग गोष्टी कशाला, सराव घ्या. मला उलट वाटतं. ज्या मुलाने पाठ्यपुस्तकाखेरीज काही पाहिलंच नाही, त्याला वाचावंसं का वाटावं?

घरी नेलेल्या पुस्तकावर परीक्षा घेऊ नका. सारांश लिहून आणा, तात्पर्य सांगा, नवीन शब्द वहीत उतरवा, यातलं काहीही त्या पुस्तकाला चिकटवू नका. गुण देऊ नका आणि कोणी किती पुस्तकं वाचली याचा तक्ता भिंतीवर लावू नका. तक्ता लागला की मुलं पातळ पुस्तकं शोधतात आणि न वाचता परत करतात. त्याऐवजी परिपाठात रोज एका मुलाला दोन मिनिटं द्या. मला हे पुस्तक आवडलं किंवा आवडलं नाही, एवढं त्याने सांगायचं. आवडलं नाही असं सांगायची मुभा हवीच. एका मुलाने दुसऱ्याला सांगितलेलं पुस्तक जितकं फिरतं, तितकं शिक्षकाने सांगितलेलं फिरत नाही.

२०२४ पासून शाळांमध्ये आनंददायी शनिवार आला आहे. त्यातला काही वेळ ग्रंथालयाला द्या. एका शनिवारी पुस्तकांचा दवाखाना भरवा. सुटलेली पानं लेईने आणि पातळ कागदाने चिकटवायची, शिवण उसवली असेल तर सुई-दोऱ्याने घालायची, कव्हर घालायचं. चिकटपट्टी शक्यतो नको, ती पिवळी पडते आणि कागद खराब करते. ज्या मुलाने पुस्तक दुरुस्त केलं आहे ते पुढचं पुस्तक जपून हाताळतं. दुसऱ्या शनिवारी गावातल्या कुणाला तरी बोलवा. आजीने गोष्ट सांगावी, गवंड्याने भिंत कशी उभी राहते ते सांगावं, पोस्टमनने पत्राचा प्रवास. मुलांनी ते ऐकून आपल्या शब्दांत लिहावं, चित्रं काढावीत, आणि त्याचं शिवलेलं पुस्तक सुतळीवर इतर पुस्तकांच्या शेजारी टांगावं. पावरी, कोरकू, गोंडी बोलणाऱ्या पाड्यांवर तर याला फार महत्त्व आहे. तिथे गोष्ट आधी मुलांच्या घरच्या भाषेत होऊ द्या, मग तीच मराठीत. घरची भाषा पुस्तकात दिसली की मुलाची शाळेबद्दलची भीडच कमी होते.

वाचन प्रेरणा दिन १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला येतो. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. हे दिवस जरूर साजरे करा. पण त्या दिवशी जेवढी पुस्तकं बाहेर काढता, तेवढी पुढच्या सोमवारीही बाहेर असू द्या.

आता पालकांशी, विशेषतः आयांशी बोलायचं आहे. ‘आम्हाला वाचता येत नाही, आम्ही काय मदत करणार?’ असं अनेक जणी म्हणतात. ताई, तुम्हाला वाचता यायची गरज नाही. भाकरी थापताना मुलाला शेजारी बसवा आणि म्हणा, वाच, मी ऐकते. अडखळलं तर थांबू द्या, रागावू नका. मध्येच विचारा, मग पुढे काय झालं? ऐकणारं माणूस मिळालं की मुलाचं वाचन सुधारतं, आणि ऐकण्याचं काम तुमच्याइतकं जिव्हाळ्याने दुसरं कुणी करणार नाही. ज्यांना वाचता येतं त्यांनी झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटं वाचून दाखवावं. मोबाइल तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत ठेवावा. वाढदिवसाला वर्गात चॉकलेटं वाटता, त्याऐवजी शाळेला एक पुस्तक द्या आणि पहिल्या पानावर मुलाचं नाव लिहा.

बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं दिवाळीच्या सुमारास शाळेतून निघून जातात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पुस्तक देताना नेमकी हीच मुलं वगळली जातात, कारण ती परत येतील की नाही याची खात्री नसते. माझं म्हणणं आहे, सर्वांत आधी त्यांना द्या. तळावरच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, त्यांच्याजवळ दुसरं काहीच छापील नसतं. जाण्याच्या आठवड्यात प्रत्येकाला पाच-सहा पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या, त्यातली दोन लहान भावंडांसाठी चित्रांची. वहीत नोंद करा, आणि रकान्यात परतीची तारीख लिहू नका, नुसतं ‘हंगाम’ लिहा. हे वाचणाऱ्या, साखर कारखान्याच्या गावातल्या शिक्षकांना एवढंच सांगतो की, तळावरची मुलं तुमच्या पटावर नसली तरी तुमच्या सुतळीवरची पुस्तकं त्यांनाही नेऊ द्या. आणि जी मुलं एप्रिलमध्ये गावी परततील, त्यांच्या पिशवीतली पुस्तकं मोजण्याआधी त्यांना विचारा, यातलं कोणतं आवडलं.