काटा खाली आला, भावा!

कोल्हापुरात स्पोर्ट्‌स कार घेणं म्हणजे नाद खुळाच. रस्ते आपले, खड्डे आपले, आणि रंकाळ्याच्या ट्रॅफिकमध्ये दुसरा गियर पडला तरी नशीब. पण हे गाव वेगाचं वेडं आहे, बॉस. ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये गाडी पळवलेला कृष्णराज महाडिक इथला, फोक्सवॅगनच्या रेसिंगमध्ये नाव काढणारा ध्रुव मोहितेही इथलाच. त्यामुळे माझ्या एका मित्राने पुण्यातली सात वर्षांची नोकरी, बोनस आणि थोडं कर्ज असं सगळं घालून सेकंडहँड लाल टू-सीटर आणली, तेव्हा कोणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. आई तेवढी म्हणाली, “यात तुझे पप्पा कुठं बसणार?”

पुण्याहून गाडी आणताना मी शेजारी होतो. हायवेला डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा काटा चार बारवर ठाम. आणि ताराराणी चौकाच्या सिग्नलला गाडी थांबली, तसा तोच काटा घसरत एकच्या जरा वर येऊन बसला. मित्राचा चेहरा पांढऱ्या रश्श्यासारखा. “इंजिन गेलं!” म्हणत तो चौकातच गाडी बंद करायला निघाला होता. मागच्या केएमटीवाल्याने हॉर्नवरून हात काढला नाही म्हणून वाचलो.

संध्याकाळी उद्यमनगरात एका ओळखीच्या मेस्त्रींकडे गेलो. शेताला पाणी पाजणारी ऑइल इंजिनं करून मोठी झालेली ही वसाहत. इथं इंजिनाचं दुखणं कानाने ओळखणारी माणसं अजून आहेत. मेस्त्रीमामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सायेब, आधी तुमचं बीपी बघाय पायजे. गाडीचं बरं हाय.”

तर मंडळी, फंडा असा. इंजिनातली क्रँक बेअरिंगच्या लोखंडावर फिरत नाही, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरते. फट केसाहूनही बारीक. तिथं ऑइल ढकलायचं काम पंपाचं. तो पंप इंजिनच फिरवतं, म्हणून आरपीएम वाढले की प्रेशर वाढणार आणि सिग्नलला उतरणार. रेसिंगवाल्यांचा जुना ठोकताळा आहे, दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. म्हणजे गरम गाडीत, आठशे-नऊशे आरपीएमला एक बार दिसला तर घाबरायचं कारण नाही. नेमका आकडा मात्र गाडीच्या मॅन्युअलमध्येच बघायचा, दोस्तांच्या गप्पांत नाही.

दुसरी गंमत काकवीची. गुऱ्हाळावरची गरम काकवी पाण्यासारखी धावते, तीच थंडीत बाटलीतून निघता निघत नाही. ऑइलचं तेच. सकाळी स्टार्ट केल्यावर काटा पाच-सहाला जातो तो इंजिन फिट आहे म्हणून नव्हे, ऑइल घट्ट आहे म्हणून. त्याला आणखी चढू न देणारा एक व्हॉल्व्ह असतो, कुकरच्या शिट्टीसारखा. त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत काटा बघून खूश होऊन गाडी ताणणारे लोक इंजिनाचे खरे वैरी. आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही काटा वरच चिकटलेला असेल, तर ऑइल चुकीचं घातलंय, तो व्हॉल्व्ह अडकलाय किंवा सेन्सर गेलाय, असं समजून तपासून घ्यायचं. मामांनी सेन्सर काढून त्या जागी नळीचा मेकॅनिकल गेज लावला. रीडिंग जुळलं. खर्च एका मिसळीइतका.

(काही कंपन्यांनी तर ग्राहकांची ही भीती बघून काटाच खोटा केला. माझदाच्या मियाटा या लाडक्या टू-सीटरमध्ये १९९५ पासून प्रेशर ठीक असलं की काटा नुसता मध्ये उभा, नसलं की खाली. मला विचाराल तर ही फसवणूकच.)

पण खरी गोष्ट पुढची आहे. अडीच महिन्यांनी रत्नागिरीहून येताना, साखरप्याकडून आंबा घाट चढत होतो. एका लांब डाव्या वळणावर काटा सरळ शून्यावर, वळण संपलं की परत वर. मित्र म्हणाला, “सेन्सर असेल यार. मामांनी सांगितलंय ना, खाली-वर होतो.” त्याला आता काट्याची भीती उरली नव्हती, आणि तिथंच घोळ झाला. पुढच्या वळणावर परत तेच, आणि लाल दिवाही लुकलुकला. हा दिवा साधारण अर्ध्या बारच्याही खाली पेटतो, म्हणजे तो दिसेपर्यंत बेअरिंग कोरडं पडायला लागलेलं असतं. मी ओरडलो, त्याने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

डिपस्टिक काढली तर ऑइल नुसतं टोकाला. वळणात उरलंसुरलं ऑइल चेंबरच्या एका बाजूला धावायचं आणि पंप हवा ओढायचा. म्हणूनच पोर्शेने ९११ ला सुरुवातीपासून ऑइलची वेगळी टाकी दिली. आमच्या मित्राने अडीच महिन्यांत बॉनेट उघडलं होतं ते फक्त फोटोसाठी. जोरात पळणारी इंजिनं थोडं ऑइल पितात, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. खरं तर मलाही नव्हतं.

गाडी टेम्पोवर आली. मामांनी फिल्टर कापला, आतला कागद उन्हात पसरला. त्यावर तांबूस चमक, दिवाळीच्या रांगोळीत टाकतात तशी. बेअरिंगचा चुरा. कोणीच काही बोललं नाही. दोन बेअरिंगं ओरखडली होती, क्रँक वाचली होती. “अजून दोन वळणं गेला असता तर गाडी इथंच इकून जावी लागली असती,” मामा म्हणाले. बिल एका पगाराला थोडं कमी पडलं.

आता दर रविवारी सकाळी गाडी गार असताना डिपस्टिक आणि फिरून आल्यावर न्यूट्रलमधलं रीडिंग, दोन्ही मोबाइलमध्ये नोंदवलं जातं. गेल्या रविवारी १.१ बार. पप्पा शेजारच्या सीटवर कसेबसे मावले होते. काट्याकडे बघून म्हणाले, “आपल्या ट्रॅक्टरला होता की हा. मी रोज बघायचो. तू कधी विचारलंस?”