कूड, बल्कांव आणि नवे उद्योजक

हणजूण, आसगाव परिसरात हल्ली ‘को-लिव्हिंग, को-वर्किंग’ अशा पाट्या दिसतात. जुने घर घ्यायचे, वायफाय आणि टेबले मांडायची, आत झोपायच्या खोल्या करायच्या आणि तरुण उद्योजकांना म्हणायचे, इथेच राहा, इथेच काम करा. कल्पना चांगली आहे. पण तिला कोणी नवी म्हटले की मला मुंबईतल्या धोबीतलावची कूड आठवते.

नोकरीसाठी मुंबई गाठणाऱ्या आपल्या ख्रिस्ती बांधवांनी, विशेषतः तारवट्यांनी, गावागावाच्या कुडी उभ्या केल्या. एका मित्राबरोबर मी अशी एक कूड पाहिली होती. भिंतीकडेने ट्रंका, रात्री जमिनीवर अंथरुणे, समोर आल्तार आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायचा तेर्स. जागा तोकडीच. पण बोटीवरची नोकरी कशी मिळते, हे नवख्याला तिथेच कळायचे.

याउलट ‘वीवर्क’चे पाहा. २०१० साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या या कंपनीने २०१६ मध्ये एकत्र राहण्याच्या जागाही काढल्या. तो प्रयोग दोन इमारतींपलीकडे गेला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. दीर्घ मुदतीने जागा घ्यायची आणि थोड्या मुदतीने द्यायची, हे गणित अंगलट आले. भाडेकरू जातो, गावकरी परत येतो, हा फरक आहे.

मग रचना कशी असावी? उत्तर आपल्या घरांतच आहे. हिंदू घरात मधोमध राजांगण, ख्रिस्ती घराला रस्त्याकडे तोंड केलेला बल्कांव. कामाची टेबले राजांगणाभोवती असावीत, झोपायच्या खोल्या फोनच्या गलक्यापासून दूर, स्वयंपाकघर एकच आणि सर्वांचे. आणि बल्कांव उघडा. आज नेमके तिथेच फाटक लागते, पहारेकरी बसतो.

माझा भाचा बंगळुरूला एका खोलीत तिघांबरोबर राहून स्वतःचा छोटा व्यवसाय चालवतो. त्याच्या गावात आता अशी टेबले आहेत, पण दर ऐकूनच तो परत फिरला. अशा प्रत्येक जागेने चार टेबले गावच्या मुलांना परवडतील अशा दराने ठेवावीत आणि पंचायतीने तसा आग्रह धरावा, असे मला वाटते. मुंबईच्या कुडीत गोंयकाराला जागा होती. गोव्यातल्या कुडीत ती नसावी काय?