पाय चोळायला कोणाची सही?

बंगळुरूहून येणाऱ्या पत्रांतली तक्रार आता इतकी सारखी झाली आहे की त्यातले एक सांगितले तरी पुरे. लिहिणारी मूळची मिरजेकडची, बंगळुरूच्या एका कॉलेजात एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. डायलिसिसवरच्या रुग्णांना फूट मसाज दिला तर थकवा आणि झोप यांत फरक पडतो का, हा तिच्या डिसर्टेशनचा विषय. सिनॉप्सिस झाला, गाइड मॅडमची सही झाली, टूल व्हॅलिडेशनसाठी तज्ज्ञांचे उंबरे झिजवून सर्टिफिकेटे गोळा झाली. मग फाइल एथिक्स कमिटीकडे गेली आणि शेरा घेऊन परत आली : उपचार ‘पूरक’ स्वरूपाचा असल्याने आयुष पदवीधर डॉक्टरांचे संमतिपत्र आणि देखरेखीची हमी जोडावी.

तिने एक वैद्य गाठले. ते म्हणाले, ‘ताई, तुम्ही करता ते आमच्या पादाभ्यंगात बसत नाही. तेल आमचं नाही, पद्धत आमची नाही. मी कशावर सही करू?’ नेफ्रॉलॉजीच्या सरांनी सांगितले, माझी हरकत नाही, पण लेखी देणार नाही. फिस्टुलाच्या हाताला स्पर्शही होणार नाही असे तिने लिहून दिले, तरी कमिटी हलली नाही. डेटा कलेक्शनचे दिवस यातच गेले. आता ही मुलगी स्टाफ नर्सेसच्या ज्ञानावर ‘स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्राम’चा परिणाम मोजते आहे. म्हणजे आधी प्रश्नावली, मग चार्ट लावून भाषण, मग तीच प्रश्नावली. त्याला मात्र कोणाचीच हरकत नव्हती.

बॅक केअर आपण पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवतो. एफ्लुराज, पेट्रिसाज, टॅपोटमेंट, कुठे किती दाब द्यायचा, हाडाच्या उंचवट्यावर त्वचा लाल झाली असेल तर तिथे का चोळायचे नाही, हे सगळे प्रोसिजर बुकात आहे आणि प्रॅक्टिकलला त्याचे मार्क आहेत. तेव्हा कुठल्याही पॅथीच्या डॉक्टरांची सही लागत नाही. पाठीवरचा हात पायाकडे सरकला आणि शेजारी स्कोअर शीट ठेवली की लगेच लागते? इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या एम.एस्सी. अभ्यासक्रमात ‘अ‍ॅडव्हान्स नर्सिंग प्रॅक्टिस’ या पेपरात पर्यायी आणि पूरक उपचारपद्धती छापील आहेत. शिकवायचे आपण, पेपर काढायचा आपण, आणि तपासून पाहायची वेळ आली की परवानगी दुसऱ्याची.

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत कमी जोखमीच्या अभ्यासासाठी एक्स्पिडायटेड रिव्ह्यूची सोय आहे, पूर्ण बैठकीची वाट पाहावी लागत नाही. त्याच सूचनांप्रमाणे कमिटीत सात ते पंधरा सभासद असतात. त्यांत क्लिनिशियन हवा, कायद्याचा जाणकार हवा, समाजशास्त्राचा हवा, सामान्य नागरिकही हवा. नर्स हवीच, असे नाही. मग फूट मसाज ही नर्सिंग केअर की दुसऱ्या पॅथीचा उपचार, हे ठरवतात कोण? ज्यांनी वॉर्डात कधी कोणाची पाठ चोळलेली नाही ते.

एवढे बोलून झाल्यावर आपल्या कपाटाकडेही वळले पाहिजे, कारण कमिट्यांच्या संशयाला खतपाणी आपणच घातले आहे.

बंगळुरूचे राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९६ मध्ये सुरू झाले. त्याच्या छत्राखालच्या कुठल्याही जुन्या कॉलेजची लायब्ररी उघडा. जाड बाइंडिंगवर सोनेरी अक्षरांत तुम्हाला हेच दिसेल : झोपेसाठी गरम पाण्याचा फूट बाथ, ऑपरेशनपूर्वीच्या चिंतेसाठी संगीत, प्रसूतिवेदनांसाठी हातावर बर्फाचा मसाज, पाळीच्या दुखण्यासाठी आले, स्तन दाटल्यावर कोबीची पाने, वृद्धाश्रमात लाफ्टर थेरपी, बी.पी.साठी जेकबसनचे रिलॅक्सेशन. (कोबीवर आपण जेवढा कागद खर्ची घातला तेवढा एखाद्या कृषी विद्यापीठानेही घातला नसेल.) शीर्षकाची शेपटी ठरलेली, ‘बंगळुरूच्या निवडक रुग्णालयात’. सॅम्पल ३० नाहीतर ६०, तेही सोयीने निवडलेले. एकच गट, प्री-टेस्ट, पोस्ट-टेस्ट, पेअर्ड टी-टेस्ट, पी ०.०५ पेक्षा कमी. मग वय, धर्म, शिक्षण, मासिक उत्पन्न यांच्याशी काय-स्क्वेअर. निष्कर्ष : उपचार परिणामकारक. फरक पडला नाही असे प्रांजळपणे लिहिणारा प्रबंध शोधायला दिवस घालवावा लागतो. नाशिकच्या विद्यापीठाखालच्या आपल्या कॉलेजांनी यावर हसू नये. तिकडेही कपाट हेच, फक्त शेपटीतले गाव वेगळे.

पोस्ट-टेस्ट प्रत्यक्षात कशी होते, पाहा. पोटाच्या ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस. विद्यार्थिनी सांगलीची, रुग्ण हासनकडचा शेतकरी. दोन्ही पायांना दहा-दहा मिनिटे मसाज होतो, अगदी मन लावून. संपल्यावर तीच मुलगी शून्य ते दहाची पट्टी त्याच्यापुढे धरते. तिला कन्नड येत नाही, म्हणून आया विचारते, ‘नोवु इदेया?’ तो मुलीकडे बघून ओशाळे हसतो, ‘परवागिल्ला, सिस्टर.’ आया म्हणते, कमी आहे म्हणतोय. मुलगी तीनवर खूण करते. सकाळी सहावर होती.

आता या उतरलेल्या तीन आकड्यांत मसाजाचा वाटा किती, राउंडनंतर दिलेल्या डायक्लोफेनॅकचा किती, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणे आपसूक कमी होते त्याचा किती, आणि आपले पाय चेपणाऱ्या पोरीला वाईट वाटू नये या भिडेचा किती? कंट्रोल ग्रुप नाही. मसाज देणारी आणि मोजणारी एकच. वेदनाशामकाची वेळ शीटवर नाही. टी-टेस्टला यातले काहीही कळत नाही, तिला दोन आकडे दिले की ती बिचारी वजाबाकी करते.

‘पूरक उपचारांत ब्लाइंडिंग जमतच नाही’ हे वायवातले पेटंट उत्तर. होसूर रोडवरच्या निम्हान्समधून ते कधीच खोडून निघाले आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्किझोफ्रेनियाचे ६१ रुग्ण यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत वाटले, ३१ योगासाठी आणि ३० शारीरिक व्यायामासाठी. समोरच्या गटाला नुसते बसवून ठेवले नाही, त्यालाही घाम गाळायला लावला. चार महिन्यांनी ज्याने मोजमाप केले त्याला कोण कुठल्या गटात होते ते ठाऊक नव्हते. योग रुग्णापासून लपवता येत नाही, मोजणाऱ्यापासून येतो. त्याआधी २००० मध्ये मेलँकोलिक डिप्रेशनच्या ४५ रुग्णांवर काम झाले, पंधरा-पंधराचे तीन गट : ईसीटी, इमिप्रामिन आणि सुदर्शन क्रिया. रेमिशन अनुक्रमे ९३, ७३ आणि ६७ टक्के. सॅम्पल आपल्यासारखेच लहान, पण क्रिया ईसीटीच्या मागे राहिली हे त्यांनी आकड्यांसकट छापले. आणि १९८५ मध्ये डॉ. आर. नागरत्ना आणि डॉ. एच. आर. नागेंद्र यांनी दम्याच्या ५३ रुग्णांसमोर वय, लिंग, दम्याचा प्रकार आणि तीव्रता जुळवून तितकेच रुग्ण ठेवले, तेव्हा बंगळुरूचे ते काम ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापले.

या प्रवाहात नर्सेस कुठे आहेत? बऱ्याचदा सॅम्पलमध्ये. दक्षिण भारतातल्या एका टीचिंग हॉस्पिटलातल्या ८८ नर्सेसच्या जुनाट कंबरदुखीवर योग आणि व्यायाम यांची सहा आठवडे तुलना झाली, २०१८ मध्ये पेपरही आला. कंबर आपली, पेपर दुसऱ्यांचा.

एका कागदी अडचणीने तर चांगली कामेही मातीत घातली आहेत. आयसीएमआरची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, म्हणजे सीटीआरआय, २००७ पासून आहे. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंद होत नाही. पहिला रुग्ण घेण्याआधी ट्रायल नोंदलेली पाहिजे. फी नाही. हा पदव्युत्तर प्रबंध आहे का, असा सरळ प्रश्नच फॉर्ममध्ये आहे, म्हणजे विद्यार्थी येणार हे त्यांनी धरलेले आहे. तरी होते काय? डेटा गोळा होतो, वायवा होतो, मुलगी पास होते, नोकरीला लागते, आणि मग कोणीतरी म्हणते, अगं पेपर पाठव की. जर्नल पहिल्याच मेलमध्ये सीटीआरआय नंबर मागते. नंबर नसतो आणि आता मिळायचाही नसतो. साठ रुग्णांनी आपल्या दुखण्यातून काढून दिलेला वेळ बाइंडिंगमध्ये बंद.

गाइड मॅडमना हे माहीत नसते का? काहींना चांगले माहीत असते. ‘आपल्याला कुठे ड्रग ट्रायल करायची आहे’ म्हणून त्या सोडून देतात. मॅडम, मसाज, संगीत, बर्फ, आले, काहीही देऊन रुग्णावर परिणाम मोजला की ती ट्रायलच. रजिस्ट्रीत नर्सिंगचे प्रयोग ‘इतर’ या खान्यात टाकलेले आढळतात. बोचते, पण निदान शोधले तर सापडतात. कपाटातले तेही सापडत नाहीत. नंबर पाहिल्याशिवाय मेट्रनने वॉर्डाचे परमिशन लेटर देऊच नये. हे करायला कुठल्याही परिपत्रकाची गरज नाही.

स्पर्शाला, आपुलकीला कसली मोजपट्टी लावता, असे म्हणणारे वाचक आहेत. त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या नर्सिंगच्या प्राध्यापक डोलोरेस क्रीगर यांनी ‘थेरप्युटिक टच’ रूढ केला. शरीराला न शिवता वर हात फिरवून ऊर्जा जाणवते, असा दावा. अमेरिकेत तो नर्सेसमध्ये खूप पसरला. एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी पुठ्ठ्याचा आडपडदा केला, त्यातून थेरपिस्टांना हात बाहेर काढायला लावले आणि आपला हात तुमच्या कोणत्या हातावर आहे ते ओळखा म्हटले. २१ जण, २८० प्रयत्न, १२३ बरोबर. म्हणजे ४४ टक्के, नाणे उडवून ठरवण्यापेक्षाही कमी. १९९८ मध्ये ‘जामा’ने ते छापले. एमिलीची आई नर्स होती. उलट मनगटाजवळच्या पी-६ बिंदूचे पाहा. ऑपरेशननंतरच्या मळमळ-उलटीसाठी त्यावर ५९ ट्रायल्स, ७,६६७ रुग्ण यांचा कॉक्रेन आढावा २०१५ मध्ये आला. त्या बिंदूच्या खोट्या उत्तेजनेपेक्षा खऱ्या उत्तेजनेने मळमळ कमी झाली. नुसत्या श्रद्धेवर उभे असते तर तेही पुठ्ठ्याच्या पडद्याआड गेले असते.

वॉर्डात पंधरा-वीस खाटांमागे एक नर्स असताना मसाज देणार कोण, हाही प्रश्न खराच. पण किती मिनिटांच्या मसाजाने किती फरक पडतो हे आकड्यात दाखवता आले तरच जादा हात मागता येतील. ‘रुग्णाला बरं वाटतं’ एवढ्यावर रोस्टर बदलत नाही.

एकट्या विद्यार्थिनीकडून हे होणार नाही, आणि तिच्याकडून अपेक्षाही करू नये. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया, अशा पाच देशांतल्या पाच हॉस्पिटलांनी एकच प्रोटोकॉल धरून ३,२११ नवजात बाळांवर जन्मताच सुरू केलेली कांगारू केअर तपासली. २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. २०२१ मध्ये तो पेपर आल्यावर आईच्या छातीशी बाळ ठेवण्याला कोणी किरकोळ म्हटले नाही. पाच देशांचे एकमत होते, आणि बंगळुरूत एकाच रस्त्यावरच्या पाच नर्सिंग कॉलेजांचे फूट मसाज किती मिनिटांचा यावर होत नाही!

तेव्हा यंदा सिनॉप्सिस लिहिणाऱ्या मुलींनो, आणि विशेषतः त्यांच्या गाइड मॅडमनो, बंगळुरूत असा, बेळगावात असा की कोल्हापुरात, स्वतःचा वेगळा विषय शोधायचा हट्ट सोडा. चार-पाच कॉलेजांनी मिळून एक प्रश्न घ्या. मसाज देणारी एक, मोजणारी दुसरी, आणि मोजणारीला गट माहीत नको. रुग्णाची भाषा येणारी मोजणारी घ्या, आयावर भागवू नका. पेनकिलरची वेळ लिहा. एथिक्स कमिटीने आयुषची सही मागितली तर विषय बदलू नका, कोणत्या नियमाखाली मागता हे लेखी विचारा आणि उत्तराची प्रत आमच्याकडे पाठवा. आम्ही ती कॉलेजचे नाव झाकून छापू. फरक पडला नाही असा निष्कर्ष निघाला तर तो लेख आधी पाठवा, त्याला पहिले पान देऊ.

आमच्या बाजूने एवढेच : पुढच्या अंकापासून रुग्णांवरच्या कोणत्याही प्रयोगाचा लेख सीटीआरआय क्रमांकाशिवाय या मासिकात छापला जाणार नाही. लेखिका कोण आहे, गाइड कोण आहे, याने त्यात बदल होणार नाही.