तालुक्याच्या हद्दी आणि पर्यटकांचा पैसा

प्रेक्षणीय स्थळ असणे ही एक गोष्ट. त्या स्थळामुळे गावाच्या पदरात चार पैसे पडणे ही अगदी निराळी. शिरूर व दौंड तालुक्यांकडे पाहिले म्हणजे हा भेद स्पष्ट होतो. शिरूरमध्ये रांजणगावचा महागणपती आहे, संभाजी महाराजांची समाधी असलेले वढू बुद्रुक आहे, मोरांसाठी ख्यातनाम असलेली मोराची चिंचोली आहे. टाकळी हाजीजवळ कुकडीच्या पात्रात, पाण्याबरोबर गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी काळ्या कातळात कोरून काढलेले रांजणखळगे आहेत. दौंड हे सिद्धटेकच्या सिद्धिविनायकाला जवळचे रेल्वे स्थानक, तर यवत हे भुलेश्वराच्या शिल्पसमृद्ध मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवरील गाव.

एवढे वैभव असूनही लाभ तुटपुंजा का, याचा उलगडा कॅरिबियन समुद्रातील बेटांच्या अनुभवावरून होऊ शकेल. तेथे प्रचंड जहाजे सकाळी बंदराला लागतात, हजारो प्रवासी उतरतात आणि संध्याकाळी पुन्हा जहाजावर परततात. जेवण व मुक्काम जहाजावरच असल्यामुळे बेटाच्या वाट्याला गर्दी येते. पैशाचा मोठा हिस्सा जहाज कंपनीकडेच राहतो. अष्टविनायक यात्रेच्या गाड्यांचे अर्थकारण याहून फार वेगळे नाही. भाडे पुण्या-मुंबईत भरले जाते, रांजणगावी दर्शन होते आणि थोड्याच वेळात गाडी पुढच्या गणपतीकडे धावू लागते. मागे उरते ती हार-नारळांची किरकोळ विक्री आणि उचलावा लागणारा कचरा.

दुसरी अडचण हद्दीची आहे. रांजणखळग्यांचा एक काठ शिरूरचा, तर दुसरा पारनेर तालुक्यातील निघोजचा. सिद्धटेकचे स्थानक पुणे जिल्ह्यात. देऊळ भीमेपलीकडे, अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात. भुलेश्वराची वाट दौंडमधून, मंदिर मात्र पुरंदरमध्ये. पर्यटकाला या रेषा दिसत नाहीत. खर्चाचा प्रश्न निघाला की कार्यालयांना मात्र त्या ठळकपणे दिसू लागतात.

यावर कमानी आणि सभामंडप उभारणे हा उपाय नव्हे. मोराच्या चिंचोलीत शेतकऱ्यांनी पाहुण्यांना शेतावरचे जेवण व मुक्काम देऊ केला, तेव्हा पैसा थेट शेतकऱ्याच्या घरात आला. हाच धडा इतरत्र गिरवता येण्याजोगा आहे. शिरूर व दौंड येथून ही स्थळे जोडणाऱ्या एस.टी.च्या फेऱ्या, निसरड्या खळग्यांभोवती संरक्षक कठडे, स्वच्छ स्वच्छतागृहे आणि गावातच राहण्याची माफक सोय, एवढ्यासाठी लगतच्या तालुक्यांनी एकत्र बसणे अशक्य नाही. अर्थात, मोर टिकले आहेत ते झाडीमुळे आणि गावाने दिलेल्या अभयामुळे. गर्दीने तेच हुसकावून लावले, तर पाहायला येणार कोण?

म्हणून यशाचे मोजमाप बदलले पाहिजे. किती लोक आले, हे मोजून भागणार नाही. किती जण एक रात्र तरी राहिले आणि त्यांच्या खर्चातील किती पैसा गावात राहिला, हे पाहिले पाहिजे.