शुद्ध कोण, अशुद्ध कोण?

अकरावीला मार्कांसाठी फ्रेंच घेणारी मुलं आता आपल्याकडे कमी नाहीत. भिसेगावातून कर्जत स्टेशन गाठून लोकल पकडणाऱ्यांतही एखादं असतं. नेटानं पुढे शिकत गेलं, तर त्याला सब्जंक्टिव्हचं भूतकाळी रूप भेटतं. मागच्या काळातली इच्छा, शंका, भीती सांगणाऱ्या क्रियापदामागून ते येतं. 'पार्ले' म्हणजे बोलणे, त्याचं होतं 'पार्लास', 'पार्लासियों'. जुन्या पुस्तकांत ते आहे. पण आज बोलताना कुणी वापरलं, तर फ्रेंच माणूसच हसेल. फ्रान्स सरकारनं २६ फेब्रुवारी १९०१ च्या आदेशानं काही वाक्यांत त्याऐवजी साधं वर्तमानकाळी रूप परीक्षेत चालवून घेतलं.

आपला रीती भूतकाळ तसाच. 'तो जाई, ती येई' पुस्तकात उरलं. बोलताना आपण सगळेच 'जायचा, यायची' म्हणतो. त्याला कुणी अशुद्ध म्हणत नाही. मग कोकणी मुसलमानाच्या घरातली बोली ऐकूनच नाक का मुरडायचं? नाहीतर "तुम्ही मराठी किती छान बोलता!" हे कौतुक. अहो, ती आमच्या घरचीच भाषा आहे.

जुनी रूपं शिकू नयेत, असं मी म्हणत नाही. शेख महंमदांचा 'योगसंग्राम' वाचायचा, तर जुनी मराठी कळायलाच हवी. आपल्या मुलांना ती जरूर शिकवू या. फक्त तिच्यावरून कुणाची मराठी खरी, कुणाची परकी, हे ठरवणं थांबवू या.